सरूच्या बाजूचा झोळ

केंदूर, ता. शिरूर
१२ सप्टेंबर

सरूमावशींना महेंद्रचा जय भीम, आणि नमस्कारपण.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला थोडं ओळखतो, तुमच्या टाक्यावरून.

परवा फोन आला होता तो माझाच. ‘केंदूरवरून बोलतोय’ एवढं म्हणेपर्यंत तुम्ही कट केला. मग लागेचना, म्हणजे ब्लॉक. राग नाही. पण पत्र काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून पोस्टात गेलो. तिथले काका म्हणाले, “अंतर्देशीय? कुणाचं लग्न मोडायचंय का निनावी?” मी म्हटलं, जोडायचंय. ते म्हणाले, “मग दोन घेऊन जा, एकात भागत नाही.”

मी दौंडचा. बारावीला एकदा बसलो, पुन्हा बसलो नाही. त्यानंतर रांजणगावात पॅकिंगला, वरवंडला हायवेवरच्या ढाब्यावर, मग एक सीझन तुमच्याच पाटसला उसाच्या गाड्यांवर. तिथला मळीचा वास तुम्हाला आता येत नसेल, सवय झाली असेल. मला अजून स्वप्नात येतो. असो. शेवटी जुन्या कपड्यांच्या टेम्पोवर लागलो. तो टेम्पो केंदूरच्या चढाला बसला. ड्रायव्हर पार्ट आणायला गेला, मी गाठोड्यांची राखण करत बसलो. तर एक बाई आल्या आणि न विचारता गाठोडं सोडून हात घालून बघायला लागल्या. एक सुती पातळ ओढून काढलं, उजेडाला धरलं आणि माझ्यावरच ओरडल्या, “हे कुणी टाकलं रं? ह्याच्यात अजून जीव हाय की!”

त्या साखरमावशी. हे तुम्हाला सांगायला नको.

त्यांनी मला पडवीत झोपायला जागा दिली आणि वर एक गोधडी टाकली. गार होतं, मला झोप येत नव्हती, म्हणून उगीच तिच्यावरून हात फिरवत होतो. तर अर्ध्या गोधडीचे टाके एकीकडं कललेले आणि अर्ध्याचे दुसरीकडं. सकाळी विचारलं, “मावशी, ही दोघींनी शिवलीय का?”

“तुला कसं कळलं?”

“हिकडचे टाके तिकडं बघतात आणि तिकडचे हिकडं.”

“सरू डावखुरी,” त्या म्हणाल्या, आणि लगेच कोंबड्यांना हाकलायला बाहेर गेल्या. अंगणात कोंबडी नव्हतीच.

टेम्पो दुपारी गेला. मी राहिलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. जे काम बघेन ते करून बघावंसं वाटतं, ही माझी खोड. मावशी म्हणाल्या, “बस, सुईत दोरा घाल, माझं डोळं गेल्यात.” बसलो.

आता कामाचं. शिरूरच्या करुणा मॅडमनी त्यांच्या लग्नातली पांढरी साडी आणून दिलीय. आमच्याकडं लग्नाला पांढरीच असते, माझ्या आईचीपण आहे. मॅडमची मुलगी नोकरीला चंदीगडला चाललीय, तिकडं थंडी फार. तिला आईच्या साडीची गोधडी हवी, पण साडी न फाडता. आत जुनी लुगडी, वर ही एकच सलग. ठिगळ नाही, जोड नाही. मुलगी डिसेंबरात जाणार. साखरमावशींनी हो म्हणून टाकलंय.

हे पत्र त्यांच्याच सांगण्यावरून लिहितोय. तुम्ही या, असं त्या म्हणतात. पूर्वीसारखं समोरासमोर बसून शिवू, असं म्हणतात.

काम छान चाललंय.

तुमचा
महेंद्र


केंदूर
१ ऑक्टोबर

सरूमावशी,

तुमचं कार्ड मिळालं. ‘चोराला शिवायला बोलवत नसतात. साखरबाईला म्हणावं, साड्या सांभाळ.’ बास. एवढंच. खाली सहीपण नाही.

मी ते उलटसुलट करून वाचलं. चोर कोण? मला वाटलं, मला म्हणताय. मग वाटलं, टेम्पोवाल्याला. मग लक्षात आलं, तुम्ही स्वतःलाच म्हणताय.

आधी एक सांगून टाकतो. मागचं पत्र लिहायला साखरमावशींनी सांगितलं नव्हतं. त्यांना पत्राचा पत्ताच नाही. तुमचं कार्ड पोस्टमन देऊन गेला तेव्हा त्या दळणाला गेल्या होत्या, म्हणून वाचलो. तुमचा पाटसचा पत्ता आणि फोन नंबर मी त्यांच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाच्या आतून घेतला. तिथं ते खडूनं लिहिलेलं आहे. खडू पुसट झाला की त्या वरून पुन्हा गिरवतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणूनच पत्र लिहायचं धाडस झालं.

तर मी आडून विचारलं, सरूमावशी का गेल्या हो? त्या सुई न थांबवता म्हणाल्या,

“तिच्या टाक्यावरनं बोलले, ते कानावर गेलं म्हणून गेली. माझ्या सासूनं माझी आख्खी वाकळ उसवून अंगावर फेकली व्हती. म्या गेले का पळून? ही बया एवढ्यावर रुसून लेकीकडं!”

“मग बोलवा की.”

“म्या? म्या का? तिला पाय न्हाईत? यष्टी बंद पडली?”

तेवढ्यात शिक्रापूरकडून जीप आली, हॉर्न वाजला, तशी त्यांची सुई थांबली. जीप पुढं गेली, सुई चालू झाली. हे रोज होतं, मावशी. त्यांना वाटतं, मला दिसत नाही.

आता मला सांगा. त्या म्हणतात, टाक्यावरून रुसली. तुम्ही लिहिता, चोर. ही दोन भांडणं वेगळी आहेत. एका भांडणातल्या दोन बाजू नाहीत ह्या. आमच्या दौंड स्टेशनात असं व्हायचं, एक माणूस चार नंबरवर वाट बघतोय, दुसरा एक नंबरवर, आणि दोघंही चिडलेले की हा आला का नाही. तुमच्यावर चोरीचा आळ कुणी घेतला? साखरमावशींनी तुमच्या तोंडावर घेतला, का दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं? एवढंच लिहा.

बाकी, मला शिरूरला पांढरा दोरा आणायला पाठवलं होतं. बाजार भरला होता. एक माणूस कुलपं दुरुस्त करत होता, ते बघत बसलो. मग दुकानात एक पोपटी रीळ दिसलं, फार सुंदर, तेच घेऊन आलो. पांढरा राहिला. साखरमावशी म्हणाल्या, “पोपटी कशाला आणलास? तुझ्या लग्नाला ठेव. पोरगी मिळायची न्हाई, पण दोरा हाय म्हणावं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

आणि हो, मी आता तुमच्या जागेवर बसतो. त्यांनीच बसवलं. म्हणाल्या, समोरून कुणीतरी ओढ धरायला लागतं.

काम ठीक चाललंय.

महेंद्र


केंदूर
२० ऑक्टोबर

सरूमावशी,

तुमचं दुसरं कार्ड आलं. ‘तिनं तोंडावर म्हटलं असतं तर तोंडावर उत्तर दिलं असतं. सगळ्या गावाला सांगितलं सरूनं लोकांच्या साड्या मारल्या. नळावर मला विचारलं, कुठली नेसलीस.’

हे वाचून मला वाईट वाटलं. राग साखरमावशींचाच आला. म्हटलं, गोड बोलतात आणि मागून असं. कापड मारलं म्हणणं म्हणजे तुमच्या धंद्यात पार नाक कापणं. त्या दिवशी जेवताना बोललो नाही. त्यांनी विचारलं, “पोट बिघडलं का?” मी म्हटलं, व्हय.

आता पुढचं नीट वाचा. मी भरकटणार नाही. प्रयत्न करतो.

सोमवारी आम्ही शिवत होतो. चारी काठांकडून आत आत, चौकोनात चौकोन. आता मधे फक्त पाटाएवढी जागा राहिली होती. साखरमावशींनी माझ्या बाजूवर तळहात फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. आणि म्हणाल्या, “लेका, तुझ्या बाजूला झोळ हाय.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “काय झोळ केला मी? काय घेतलं तुमचं?”

“अरं, झोळ हाय म्हणते. हितं. दिसतुया.”

“मी कुणाचा दोरासुद्धा घेतला नाही! झोळ करायचा असता तर टेम्पोवरच केला असता!”

पिशवी उचलली आणि निघालो. त्या मागून ओरडत होत्या, “अरं खुळ्या, जेवून तरी जा!” शिक्रापूरच्या स्टँडवर जाऊन बसलो. पुण्याची गाडी आली, गेली. नगरची आली, गेली. मला सहसा गाडी सोडवत नाही, जी येईल तिच्यात बसतो. त्या दिवशी बसवेना. कारण एकच. त्या ओरडताना चिडलेल्या नव्हत्या. ज्याला चोर म्हणायचं त्याला कुणी जेवून जा म्हणतं का?

परत आलो. त्या तशाच बसलेल्या. मी विचारलं, “मावशी, झोळ म्हणजे काय?”

त्यांनी माझा हात धरला आणि गोधडीवर दाबून फिरवला. माझ्या बाजूनं साडी आतल्या थरांपेक्षा जास्त झाली होती. ढिली. मधे येऊन फुगली होती, भाकरी फुगते तशी. मी उजव्या हाताचा, त्यापण उजव्या हाताच्या. दोघांनी कापड एकाच अंगाला रेटलं आणि जास्तीचं सगळं माझ्या बाजूला गोळा झालं. ठिगळांच्या गोधडीत वर एक ठिगळ टाकून झाकता येतं. ह्या पांढऱ्या सलग साडीवर काय झाकणार?

“ह्याला झोळ म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. “तू काय समजलास?”

मावशी, आमच्या पोरांच्यात झोळ म्हणजे घोटाळा. लबाडी. कंपनीत हजेरीत झोळ, राशनमध्ये झोळ. कापडाचा झोळ मला आयुष्यात कुणी दाखवला नव्हता.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी विचारलं, “तुम्ही सरूमावशींबद्दल असं कुणाला म्हणाला होता का?”

“म्हटलं की. पुण्याच्या बाईंची वाकळ व्हती. सायलीच्या फोनात बोलले.”

सायली म्हणजे शेजारच्या हौसरावांची सून. साखरमावशींचे निरोप तीच पाठवते. मी उठलो आणि तिच्या दारात गेलो. मेसेज तिच्या फोनात अजून होता. तिनं लावला. मी तो ऐकून ऐकून उतरवलाय. एक शब्द माझा नाही:

“ताई, म्या केंदूरची साखरबाई बोलती. वाकळ जरा लांबल बघा. सरूच्या बाजूला झोळ हाय. म्या हात फिरवून बघितलाय. हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका, तिला लागंल. तिचं डोळं आता पयल्यासारखं न्हाईत. म्या एकलीच बसून उसवीन आन् पुन्हा घालीन, तिला कळायचंबी न्हाई.”

मी सायलीला विचारलं, तुला काय समजलं? ती म्हणाली, “मला वाटलं साड्यांचा झोळ. म्हणजे साड्या जाग्यावर नाहीत म्हणून वाकळ लांबतीय. मी फक्त माझ्या जावेला सांगितलं.” जावेनं कुणाला सांगितलं, ते नळावर तुम्हाला कळलंच.

तुमच्यापर्यंत ‘साड्या मारल्या’ एवढंच आलं. ‘झोळ’ हा शब्द आलाच नाही. आला असता तर तुम्ही तिथंच हसला असता, कारण गावात त्याचा खरा अर्थ दोघींनाच माहीत.

आता आला आहे. वर लिहिला आहे. पुन्हा वाचा.

महेंद्र


केंदूर
३ नोव्हेंबर

सरूमावशी,

तुमचं उत्तर नाही. पोस्टातले काका म्हणाले, दिवाळीत टपाल तुंबलं होतं. ते मला धीर देतात. पण तुम्हाला पत्र मिळालं असणार, हे मला कळतं. मला वाटतं, तुमचं म्हणणं असं असेल: साखरीला माहीत नव्हतं हे ठीक, पण गावाचं काय? नळावर पुन्हा कुठल्या तोंडानं जायचं?

म्हणून काय झालं ते सांगतो.

मी साखरमावशींना सगळं सांगितलं. तुमची कार्डं वाचून दाखवली. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. ‘चोर’ शब्द आला तशी त्यांनी सुई गोधडीत खुपसून ठेवली आणि म्हणाल्या, “उचल.”

“काय?”

“वाकळ. धर त्या अंगानं.”

आम्ही ती अपुरी गोधडी दोन्हीकडून धरून रस्त्यानं निघालो. पांढरी साडी, मातीला टेकू नये म्हणून मी हात वर करून चालत होतो. कुत्री भुंकायला लागली. एका आजोबांनी कट्ट्यावरून विचारलं, “कोण गेलं गं साखरबाई?” त्या म्हणाल्या, “अजून कोण न्हाई, पण तुझा नंबर लावू का?”

बचत गटाच्या बायका समाजमंदिरात जमल्या होत्या. मावशींनी मधे गोधडी अंथरली. अध्यक्षबाई म्हणाल्या, “हे काय आणलं, हितं मिटिंग हाय.”

“हीच मिटिंग. हात धुवून या समद्या.”

आणि एकेकीचा हात धरून त्या फुगवट्यावर दाबला. “ह्याला झोळ म्हणत्यात. काय म्हणत्यात? मोठ्यानं. सरूच्या बाजूला असाच झोळ व्हता. डोळं कमी दिसत्यात म्हणून पडला. तिनं कुणाचा चिंधूकसुद्धा कधी घरी नेला न्हाई. उरलेल्या दोऱ्याचं तुकडं पुडीत बांधून लोकांना परत देणारी बाई ती. आता सांगा, साड्या कुणी मारल्या?”

 मग सायली उठली. चेहरा लालबुंद. म्हणाली, “मावशी, माझं चुकलं. मला शब्दच माहीत नव्हता.” साखरमावशी म्हणाल्या, “माझंबी चुकलं. म्या माणसाकडं बोलायचं सोडून फोनाकडं बोलले.” मागून एकजण म्हणाली, “मला तर वाटलं साखरबाईच्या बाजूला झोळ असंल,” आणि सगळ्या हसल्या. मावशीपण हसल्या. पण परत येताना रस्त्यात एकदम थांबल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “इतकं म्हैने तिनं हे पोटात ठेवलं. आन् म्या तिला रुसूबाई म्हणत बसले.”

नळावर आता तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. विचारलंच तर ‘कधी आलात’ असं विचारतील.

गोधडी मात्र तशीच आहे. मावशी म्हणतात, माझी सगळी बाजू उसवायची. पण साडी जुनी आहे. सुईची भोकं पांढऱ्यावर राहतील, आणि सारखं ओढलं तर विरेल. करुणा मॅडम परवा बघून गेल्या. काठावरून बोट फिरवत राहिल्या. मुलगी महिनाभरात जाईल. मी एका टोकाला कात्री लावली होती, एक टाका कापलासुद्धा. मावशी म्हणाल्या, “थांब. चार दिस थांबू.”

बोलल्या माझ्याशी, पण बघत होत्या रस्त्याकडं.

महेंद्र


केंदूर
११ नोव्हेंबर

सरूमावशी,

आज तुमचं कार्ड आलं. ह्या वेळी पोस्टमननं ते सरळ साखरमावशींच्या हातात दिलं. त्यांनी माझ्याकडं दिलं आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी वाचलं. ‘उसवू नका. पांढऱ्याला उसवत नसतात. झोळ जिरवता येतो, बारीक टाके घालून. मी रविवारी येते. सरू.’

त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, “पुन्हा वाच.”

वाचलं.

“जिरवता येतो म्हणली?”

“व्हय.”

“माझीच जिरवाया येती बघ ती,” असं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खाली बसल्या. हसण्यातच डोळे पुसले. मग चहा ठेवला, त्यात साखर टाकायला विसरल्या. मी नावावरून चिडवलं, तर उलथनं फेकून मारलं. लागलं नाही.

रस्ता सांगतो. पाटसहून चौफुल्याला या. तिथून न्हावऱ्याची गाडी. न्हावऱ्याहून तळेगाव करून शिक्रापूर. मधे कुठं रसवंती दिसली तरी उतरू नका, मी उतरतो आणि माझी गाडी चुकते. शिक्रापूरच्या स्टँडवर मी असेन. मला ओळखायची खूण म्हणजे जो पोरगा दुसरंच काहीतरी बघत उभा असेल, तो मी. हाक मारा.

अजून एक. संध्याकाळी साखरमावशींनी गोधडी आतल्या खोलीतून पुन्हा दारापाशी आणवली. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, आम्ही दोघी समोरासमोर बसलो की दाराचा उजेड तिला उजव्या अंगानं येतो आणि मला डाव्या. डावखुरीला तसाच लागतो, उजवीला असाच. हाताची सावली कुणाच्याच टाक्यावर पडत नाही. एवढी वर्षं आम्हाला वेगळा दिवा लावावा लागला नाही.

मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “ऊठ आता तिच्या जागंवरनं.”

मी पिशवीकडं बघितलं. त्यांनी ते बघितलं.

“तिकडं न्हाई. हितं, काठाला बस. सुईत दोरा कोण घालणार? आता दोघींचंबी डोळं गेल्यात.”

तुमच्या जागेवर पोतं झटकून घातलंय. या.

तुमचा
महेंद्र